इमारतीत पेस्ट कंट्रोल होणार आहे. गिनीपिग, पक्षी आणि मासे यांना कसे सांभाळावे?

कोवळी_पालवी (प्रश्न)

नमस्कार. आमच्या इमारतीतील सर्व घरांमध्ये येत्या दहा दिवसांत एकाच वेळी पेस्ट कंट्रोल करायचे ठरले आहे. त्यामागचे कारण खरे आहे. झुरळे सांडपाण्याच्या नळ्यांमधून एका घरातून दुसऱ्या घरात पसरत आहेत आणि गेल्या दोन महिन्यांत उंदरांचा वावरही वाढला आहे. त्यामुळे एकट्या आमच्या घराने नकार देऊन सगळ्यांच्या खटपटीवर पाणी फिरवणे मला योग्य वाटत नाही. अडचण आहे ती आमच्या घरातील लहान जीवांची. आमच्याकडे दोन गिनीपिग आहेत, बजी पक्ष्यांची एक जोडी आहे आणि बैठकीच्या खोलीत १०० लिटरची माशांची टाकी आहे, जी भरलेली असताना जागची हलवता येत नाही.

काम करणाऱ्या माणसाशी मी फोनवर बोलले. ‘औषधाला वास येत नाही, पाळीव प्राण्यांना काही होत नाही, दोन तास घर बंद ठेवून बाहेर जा आणि परत या,’ असे त्यांनी सांगितले. औषधाचे नाव विचारले तेव्हा मात्र ‘चांगल्या कंपनीचे आहे’ यापलीकडे उत्तर मिळाले नाही. ज्या औषधाने झुरळ मरते त्याने माझ्या ३५ ग्रॅम वजनाच्या पक्ष्याला काहीच होत नाही, हे नुसत्या शब्दावर मानायला मन तयार होत नाही.

गिनीपिगचा वाडा जमिनीवरच आहे आणि त्याची एक बाजू भिंतीपासून जेमतेम वीतभर अंतरावर येते, म्हणजे फवारणी जिथे सर्वांत जास्त होते त्याच जागी. ती दोघे दिवसभर पाय चाटतात, दिसेल ते कुरतडतात आणि भुशात तोंड खुपसून बसतात. उंदरांसाठी ठेवले जाणारे आमिष धान्याचे असते असे मी ऐकले आहे. मग ते गिनीपिगलाही खाऊच वाटणार. कोणाला किती दिवस दुसरीकडे ठेवावे, टाकीचे काय करावे आणि त्या माणसाला नेमके काय विचारावे, हे अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

शुभ्रकर्ण

कोवळी_पालवी, तुम्ही दहा दिवस आधी विचारले हे फार चांगले केले. मी विचारले नव्हते, म्हणून हे लिहितो आहे.

तीन वर्षांपूर्वी आमच्या घरी फवारणी झाली तेव्हा दोन्ही ससे मी आदल्या रात्रीच भावाकडे नेऊन ठेवले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या खिडक्या उघडल्या, फरशी दोनदा पुसून काढली आणि संध्याकाळी ससे परत आणले. माझ्या मते कोणतीही कसर राहिली नव्हती. राहिले होते ते गवताचे पोते, त्याच खोलीत, भिंतीला टेकलेले आणि तोंड उघडे असलेले. फवारणाऱ्याने भिंतीच्या कडेने नळी फिरवताना ते बाजूला केले नाही आणि ते हलवायला हवे हे मलाही सुचले नाही. वाळलेले गवत असे द्रावण टिपकागदासारखे शोषून घेते आणि सुकल्यावर त्यावर डाग दिसत नाही, वासही येत नाही. सशांनी रात्रभर तेच खाल्ले.

पहाटे मी पाहिले तेव्हा मादीच्या हनुवटीखालचे केस लाळेने भिजून एकमेकांना चिकटले होते, कान मागे पडले होते आणि ती बसलेल्या जागी बारीक थरथरत होती. तिच्यापुढे धरलेल्या पानांना तिने नाकसुद्धा लावले नाही. पशुवैद्यांनी पहिला प्रश्न औषधाच्या नावाचा विचारला आणि ते मला ठाऊक नव्हते. फवारणी करणाऱ्यांचा फोन दुपारपर्यंत लागला नाही. तोवर उपचार लक्षणांवरूनच चालू होते. ती वाचली, परंतु स्वतःहून खायला तिला चार दिवस लागले आणि त्या चार दिवसांत दर दोन-तीन तासांनी सिरिंजने पातळ खाद्य भरवावे लागले. नराने त्या पोत्यातले कमी खाल्ले असावे. तो एक दिवस मलूल राहिला, एवढेच.

म्हणून माझे सांगणे असे की प्राणी हलवताना त्यांचा संसारही हलवावा. गवत, दाणे, भुसा, पाण्याची बाटली, लाकडी घर, कापडी बोगदा, कुरतडायच्या फांद्या, पक्ष्यांचे झोके आणि बसायच्या दांड्या हे सर्व त्या घरातून बाहेर गेले पाहिजे. फरशी पुसता येते, धातूचा पिंजरा धुता येतो. लाकडात आणि कापडात मुरलेले काढता येत नाही. माझ्याकडच्या लाकडी घराला वरून काहीच लागलेले दिसत नव्हते, तरी मी ते टाकून दिले आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही.

शीतलछाया

मी पशुवैद्य आहे आणि माझ्याकडे येणाऱ्यांत लहान प्राणी व पक्षी बरेच असतात. वर लिहिलेला अनुभव दुर्दैवाने नेहमीचा आहे. ‘पाळीव प्राण्यांना सुरक्षित’ हे शब्द बहुधा पाच-दहा किलोंचा कुत्रा डोळ्यांपुढे ठेवून उच्चारलेले असतात. बजीचे वजन ३० ते ४० ग्रॅम, हॅमस्टरचे १०० ते १५० ग्रॅम आणि मोठ्या गिनीपिगचे साधारण एक किलो असते. पायाला लागलेला तोच थेंब चाटला तर मोठ्या कुत्र्याच्या दृष्टीने तो नगण्य असेल, हॅमस्टरच्या दृष्टीने मात्र तीच मात्रा शंभरपट होते. शिवाय हे प्राणी जमिनीलगत राहतात, जिथे फवारणीचा थर सर्वांत दाट असतो आणि हवेपेक्षा जड वाफाही तिथेच साचतात.

औषधाचे व्यापारी नाव नव्हे, तर त्यातील क्रियाशील घटकाचे नाव आणि प्रमाण तुम्हाला हवे आहे. ते डब्यावर छापलेले असते. घरातील फवारणीत बहुधा सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, परमेथ्रिन अशी नावे आढळतील. ही पायरेथ्रॉइड गटातील औषधे असून कीटकांच्या मज्जातंतूंमधील सोडियमचे मार्ग बंदच होऊ देत नाहीत, त्यामुळे तंतू सतत उत्तेजित राहतात. सस्तन प्राणी ही औषधे बऱ्यापैकी लवकर मोडून टाकतात, मांजर मात्र परमेथ्रिनच्या बाबतीत त्यात कमी पडते आणि मासे तर फारच कमी पडतात. या गटाचे मूळ शेवंतीच्या कुळातील एका फुलात आहे. हे मुद्दाम सांगते, कारण ‘आम्ही वनस्पतिजन्य औषध वापरतो’ हे वाक्य ऐकून पुष्कळ जण निश्चिंत होतात. वनस्पतीतून आले म्हणून ते सौम्य ठरत नाही. टी ट्री तेलासारख्या सुगंधी तेलांनीही लहान प्राण्यांना आणि मांजरांना विषबाधा होते.

फिप्रोनिल हा दुसरा घटक. तो झुरळांच्या जेलमध्ये असतो आणि कुत्र्यामांजरांच्या पिसवांवर मानेवर घालायच्या थेंबांतही असतो. ते थेंब सशाला कधीही घालू नयेत. सशांमध्ये त्याने झटके येऊन मृत्यू झालेले आहेत. जेलची गोष्ट थोडी निराळी आहे. त्यात साधारण ०.०५ टक्के फिप्रोनिल असते, म्हणजे एका ग्रॅममध्ये अर्धा मिलिग्रॅम, आणि एक ठिपका ग्रॅमच्या दहाव्या हिश्शाएवढा किंवा त्याहूनही लहान असतो. तो बिजागरीच्या आत किंवा फटीत असेल आणि प्राण्याचे तोंड तिथे पोहोचत नसेल तर सर्व उपायांमध्ये मला तोच सर्वांत कमी धोक्याचा वाटतो.

पक्ष्यांबाबत मी सर्वांत कडक आहे. पक्ष्यांच्या शरीरात फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या असतात आणि श्वास घेताना व सोडताना अशा दोन्ही वेळी ताजी हवा फुप्फुसांतून वाहते. उडण्यासाठी लागणारा प्राणवायू त्यांना असा मिळतो, आणि हवेतील विषही तितक्याच कार्यक्षमतेने मिळते. ब्रिटनमधील कोळशाच्या खाणींत विषारी वायूची सूचना मिळावी म्हणून १९८६ पर्यंत कॅनरी पक्षी ठेवले जात, ते याच कारणाने. त्यामुळे फवारणी, धूर किंवा फॉगर यांपैकी काहीही होणार असेल तर पक्षी शेजारच्या खोलीत नव्हे, दुसऱ्या घरात न्यावेत. लेबलवर परत येण्याची जी वेळ दिली असेल तिच्यानंतर घर उघडून हवा खेळती करावी. त्यापुढे गिनीपिगसाठी किमान २४ तास आणि पक्ष्यांसाठी ४८ तास थांबावे, असे मी माझ्याकडे येणाऱ्यांना सांगते. फॉगर, म्हणजे खोलीच्या मध्यभागी ठेवून सोडायचा डबा, लहान प्राणी असलेल्या घरात मुळीच वापरू नये, कारण त्याचे कण प्रत्येक आडव्या पृष्ठभागावर बसतात आणि तेवढे सगळे पुसणे कोणालाही शक्य होत नाही.

आता उंदरांचे औषध. माझ्या अनुभवात सर्वांत फसवे हेच आहे. ब्रोमाडिओलोन, ब्रोडिफाकूम यांसारखी औषधे शरीराला के जीवनसत्त्वाचा पुनर्वापर करू देत नाहीत, त्यामुळे रक्त गोठवणारे घटक नव्याने तयार होणे थांबते. रक्तात आधीचे घटक शिल्लक असतात तोवर प्राणी खातो, खेळतो आणि पूर्णपणे ठणठणीत दिसतो. रक्तस्राव साधारण तीन ते पाच दिवसांनी सुरू होतो. हिरड्या फिकट पडणे, धाप लागणे, लघवीतून किंवा नाकातून रक्त येणे, सांधा सुजणे ही त्याची लक्षणे आहेत. वेळीच कळले तर के१ जीवनसत्त्वाने उपचार होतो, पण तो तीन-चार आठवडे नेटाने चालू ठेवावा लागतो. झिंक फॉस्फाइडची तऱ्हा याच्या उलट आहे: जठरातील आम्लाशी संयोग होताच त्यातून फॉस्फीन हा विषारी वायू निघतो आणि काही तासांतच सर्व संपू शकते. ते असलेले आमिष तुमच्या घरात येऊच देऊ नका. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांतूनही हाच वायू निघतो आणि तो भिंतींमधील फटींतून शेजारच्या घरातही जातो. राहत्या घरात त्या वापरणे माणसांच्याही जिवावर बेतते, म्हणून शेजारी कोणी तसे करत असल्यास तिथेही बोलावे.

एक गोष्ट कृपया लक्षात ठेवा. ससा, गिनीपिग, हॅमस्टर आणि उंदीर यांना उलटी करताच येत नाही, म्हणून मिठाचे पाणी किंवा तत्सम काही पाजून उलटी करवण्याचा प्रयत्न करू नये. ते पाणी श्वासनलिकेत जाते. अंगावर औषध पडले असेल तर भांड्यांच्या सौम्य साबणाने कोमट पाण्यात धुवावे, लगेच कोरडे करून ऊब द्यावी आणि डब्याचे किंवा लेबलचे छायाचित्र घेऊन दवाखाना गाठावा. गिनीपिगने १२ तास काहीही खाल्ले नाही तर विषबाधेची खात्री नसली तरी ती तातडीची बाब समजावी, कारण त्यांचे आतडे थांबले की ते पुन्हा चालू करणे अवघड जाते.

निळा_तलाव

टाकीबद्दल मी लिहितो. मी बरीच वर्षे मासे पाळतो आहे.

आधी आकडा पाहा, म्हणजे काळजी किती घ्यायची ते कळेल. फवाऱ्यातील तयार द्रावणात ०.०३ टक्के डेल्टामेथ्रिन असेल तर त्याच्या एका मिलिलिटरमध्ये ०.३ मिलिग्रॅम औषध असते. तेवढे, म्हणजे साधारण वीस थेंब, तुमच्या १०० लिटर पाण्यात गेले तर लिटरमागे ३ मायक्रोग्रॅम होतात, आणि हे प्रमाण अनेक माशांना मारक आहे. कोळंबी असेल तर ती याच्या कितीतरी आधी मरते, कारण ती कीटकांचीच जवळची नातेवाईक आहे.

पाण्यात औषध जाण्याची वाट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. टाकी वरून झाकतात, पण एअर पंप चालूच राहतो. तो पंप खोलीतली हवा ओढून बुडबुड्यांच्या रूपाने पाण्यात सोडत असतो. म्हणजे झाकणाने जे अडवले ते नळी आत नेऊन सोडते. पंप सरळ बंद करणे हाही पूर्ण उपाय नाही, कारण मासे जास्त असतील तर काही तासांत ते पृष्ठभागावर येऊन तोंड उघडू लागतात. मी असे करतो: पंप ज्या खोलीत काहीच होणार नाही तिथे किंवा खिडकीबाहेर ठेवतो आणि लांब नळीने हवा टाकीपर्यंत आणतो. टाकीचे काचेचे झाकण बंद करून त्यावर प्लास्टिकचा जाड कागद चारही बाजूंनी खालपर्यंत सोडतो, कडा चिकटपट्टीने बंद करतो आणि वर ओला टॉवेल पसरतो. पंप हलवणे अशक्यच असेल तर आदल्या दिवशी पाणी थोडे बदलावे, त्या दिवशी खाद्य देऊ नये, म्हणजे माशांची प्राणवायूची गरज कमी राहते, आणि पंप बंद राहण्याचा वेळ शक्य तितका कमी ठेवावा. घर पूर्ण मोकळे झाल्यावर आधी बाहेरचा प्लास्टिकचा कागद आतल्या अंगाला घडी घालत काढावा, मग हात कोपरापर्यंत धुवावेत आणि त्यानंतरच झाकणाला हात लावावा. फिल्टरमध्ये ताजा सक्रिय कोळसा आधीच घालून ठेवला तर थोडेफार गेलेले औषध तो शोषून घेतो.

एवढे करूनही मी तुम्हाला आग्रहाने सांगेन की टाकी असलेल्या खोलीत फवारणी होऊच देऊ नये. झुरळे काही माशांच्या टाकीत राहत नाहीत. ती सिंकखाली आणि मोरीत राहतात.

मासे पाळणाऱ्या पुष्कळ घरांत डास घालवण्याची यंत्रे टाकीजवळच्या प्लगमध्ये लावलेली असतात. त्यांतील औषधही याच गटाचे असते. ती निदान दुसऱ्या खोलीत न्यावीत.

कोवळी_पालवी

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिले त्याबद्दल आभार मानते. गवताच्या पोत्याचा विचार माझ्या मनात आलाच नसता. आमचेही पोते भिंतीला टेकूनच असते. आता माझा प्रश्न एवढाच उरतो की फवारणी पूर्ण टाळून केवळ जेल लावायला सांगितले तर काम अर्धवट राहील का? इमारतीतील इतरांना असे वाटायला नको की आमच्या घरामुळे झुरळे परत आली.

फवारापंप

मी हे काम १४ वर्षे करतो आहे, म्हणून या प्रश्नाचे उत्तर देणे माझ्याकडे येते.

काम अर्धवट राहणार नाही. स्वयंपाकघरातील झुरळांसाठी जेल हाच चांगला उपाय आहे. फवारणीने समोर दिसणारी झुरळे मरतात आणि उरलेली औषधाच्या थरापासून दूर पळून भिंतीत किंवा शेजारी जातात. जेल खाल्लेले झुरळ मात्र आपल्या लपायच्या जागी जाऊन मरते, आणि त्याची विष्ठा व मृत शरीर खाऊन तिथली इतर झुरळेही मरतात. अट एकच आहे: ज्या जागी जेल लावले तिथे फवारणी करायची नाही, कारण फवारणीचा अंश असला की झुरळे जेलला तोंड लावत नाहीत. दोन्ही एकत्र करणारा माणूस आपलेच काम बिघडवत असतो. ठिपके कपाटांच्या बिजागऱ्यांत, ओट्याखालच्या फटींत, फ्रिजच्या मागे मोटरपाशी आणि नळ्या भिंतीत शिरतात तिथे लावायचे असतात. कोणी फरशीवर किंवा उघड्या भिंतीवर ठिपके देत असेल तर त्याला तिथेच थांबवा.

माणसाला विचारायचे प्रश्न असे: क्रियाशील घटक कोणता, त्याचे रूप कोणते (जेल, द्रावण, भुकटी, आमिष), कुठे कुठे लावणार, आणि मूळ डबा दाखवता का. चौथ्या प्रश्नाला जो नकार देईल त्याला घरात घेऊ नका. द्रावण बिनलेबलच्या बाटलीत भरून आणले असेल तर आत काय आहे हे त्याचे त्यालाही नक्की सांगता येत नाही. आमच्या व्यवसायात असे चालते, हे मी नाकारत नाही आणि त्याचे मला वाईट वाटते. खडूच्या स्वरूपात मिळणाऱ्या औषधांबाबतही सांगतो: रेघ ओढली की ती भुकटी पायाला लागते आणि चाटली जाते. जमिनीवर वावरणारा प्राणी असलेल्या घरात ती रेघ नको.

उंदरांचे म्हणाल तर घरात विष ठेवायची गरज क्वचितच असते. लहान उंदीर सहा मिलिमीटरच्या फटीतून, म्हणजे पेन्सिल जाईल एवढ्या भोकातून आत येतो. ती भोके स्टीलच्या तारेचा काथ्या ठासून वरून सिमेंटने बंद केली की निम्मे काम झाले. इमारतीने आमिष लावायचेच ठरवले तर ते घराबाहेर, कुलूप असलेल्या पेटीत आणि आतल्या सळईत ओवलेल्या वडीच्या रूपात लावा असे सांगा. सुटे दाणेदार आमिष कधीही नको, कारण उंदीर ते जागेवर खात नाहीत. तोंडात धरून दुसरीकडे नेतात आणि साठवतात. मी सिंकखाली ठेवलेले दाणे मला पुढच्या खेपेला शयनगृहातील कपाटामागे सापडले आहेत. चिकट पुठ्ठेही ठेवू नका. एका घरी सुटलेला हॅमस्टर त्यावर अडकला होता. ओढून काढला असता तर कातडी सोलली गेली असती. खायचे तेल बोटाने थोडे थोडे चोळत त्याला मोकळे करायला आम्हाला पाऊण तास लागला.

आणखी एक. तुमच्या पिंजऱ्याभोवती रात्री सांडलेले दाणे राहत असतील तर उंदीर आणि झुरळे त्यासाठीच येत आहेत. झोपण्यापूर्वी ते झाडून घ्या आणि खाद्य घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. यात माझे काम कमी होते, तरी सांगतो.

शुभ्रकर्ण

फवारापंप यांनी दाण्यांबद्दल लिहिलेले वाचून राहवले नाही. कोवळी_पालवी, तुमचे घर आधी दुसऱ्या कोणी वापरलेले असेल तर जुन्या वेळचे असे काही पडलेले नाही ना, हे सामान हलवताना अवश्य पाहावे. कपाटात डांबराच्या गोळ्या असतील तर त्याही याच वेळी काढाव्यात; त्यांची वाफ तळाशी बसते आणि वाडा कपाटाशेजारी असेल तर ती गिनीपिगच्याच नाकाशी येते.

कोवळी_पालवी

आज काम झाले, म्हणून येथे कळवते आहे. आमच्याकडे केवळ स्वयंपाकघर आणि न्हाणीघर येथे जेल लावले गेले. डबा पाहिला, नाव लिहून घेतले आणि त्याचे छायाचित्रही काढून ठेवले. इमारतीच्या बैठकीत फवारापंप यांचे म्हणणे मी जसेच्या तसे वाचून दाखवले. त्यानंतर आणखी पाच घरांनी फवारणीऐवजी जेल घेतले आणि आमिषाच्या पेट्या फक्त जिन्याखाली व बाहेरच्या भिंतीपाशी बसवायचे ठरले. पक्षी व गिनीपिग त्यांच्या सर्व सामानासह माझ्या बहिणीकडे आहेत, कारण शेजारच्या घरांत फवारणी झाली आहे. टाकीचा पंप खिडकीबाहेर ठेवून नळी आत घेतली होती. मासे व्यवस्थित आहेत.

मात्र एक गोष्ट सांगायची आहे. शुभ्रकर्ण, तुम्ही सांगितले म्हणून मी ओट्याखालची फळी काढून पाहिली. तिच्यामागे निळसर रंगाचे अकरा दाणे सापडले. आम्ही असे काही कधीच आणलेले नाही, म्हणजे ते आमच्या आधीच्या लोकांच्या वेळचे असावेत. नंतर गवताचे पोते रिकामे केले तेव्हा तळाच्या कोपऱ्यात अंगठ्याएवढे कुरतडलेले भोक होते आणि गवताच्या चुऱ्यात तसेच तीन दाणे होते. त्याच पोत्यातले गवत मी परवापर्यंत दोघांना घालत होते. आत्ता दोघे व्यवस्थित खात आहेत. शीतलछायाताई, यावर काय करावे?

शीतलछाया

व्यवस्थित खात आहेत म्हणून थांबू नका. या औषधात पहिले काही दिवस ती तशीच दिसतात. दाणे हातमोजे घालून बंद पिशवीत घ्या आणि सोबत न्या, फेकू नका. आजच पशुवैद्यांकडे जाऊन वजन, हिरड्या आणि कातडीखालील डाग तपासून घ्या, आणि परवा गवत थांबवल्यापासून ४८ ते ७२ तासांच्या दरम्यान रक्त गोठण्याची चाचणी करून घ्या. त्याआधी ती चुकीने सामान्य येऊ शकते. दोघांना शक्यतो उचलू नका, उंचीवर ठेवू नका, भांडत असतील तर वेगळी करा. के जीवनसत्त्वाची कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने देऊ नका. के१ आणि के३ वेगळी आहेत आणि के३चा येथे उपयोग होत नाही.

कोवळी_पालवी

दोघांच्याही चाचण्या आज सामान्य आल्या. पशुवैद्यांनी आणखी एक आठवडा लघवीच्या रंगाकडे आणि हिरड्यांकडे लक्ष ठेवायला सांगितले आहे, आणि पाच दिवसांनी पुन्हा एकदा रक्त तपासणार आहेत. ते पोते बांधून काढून टाकले. नवे गवत आता झाकणाच्या पत्र्याच्या पिंपात आहे आणि पिंप भिंतीपासून हातभर पुढे, चार विटांवर ठेवले आहे.